माळ्यावर सापडलेली ट्रम्प कार्डं आणि रिंगबाहेरची माणसं

किसननगर_३

मंडळी नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. झालं असं की आमची किसननगरची जुनी खोली भाडेकरूनं सोडली, रंग मारून घ्यायचा म्हणून परवा गेलो (आता आम्ही घोडबंदरला असतो, म्हणजे ट्रॅफिकमध्ये असतो आणि मधूनमधून घरी). पोटमाळ्यावर बुटाचा एक खोका मिळाला. आत गोट्या, दहावीचं हॉल तिकीट, आर गेलेला एक भोवरा आणि रबर लावलेला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे टीव्हीवरच्या त्या अमेरिकन कुस्तीच्या, ट्रम्प कार्डांचा गठ्ठा. रबराला हात लावला तर त्याचे तुकडेच पडले आणि वरच्या कार्डावर, बरोबर बिग बॉस मॅनच्या तोंडावर, त्याचा तपकिरी पट्टा चिकटून राहिला.

मग काय, रंगारी खाली प्रायमर घेऊन उभा आणि मी माळ्यावर मांडी घालून. रँक, हाईट, वेट, चेस्ट, बायसेप, ज्याचा आकडा भारी त्याला समोरच्याचं कार्ड. हाईट मारली की जायंट गोंझालेझ, वेट मारलं की योकोझुना, ही दोन कार्डं ज्याच्याकडे तो त्या दुपारचा राजा. चाळीत केबल पहिल्यांदा शेवटच्या खोलीतल्या काकूंकडे आली. उंबरठ्यात बसून बघायचं, चपला बाहेर, आणि मॅच ऐन रंगात आली की काकूंचा कुकर व्हायचा आणि आम्हाला "चला रे, जेवायला जा आता" व्हायचं. त्यामुळे कितीतरी मॅचेसचा शेवट मी अजून बघितलेला नाही.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर एकेका कार्डाचं नाव टाकत बसलो. योकोझुना जपानी नव्हताच, सामोअन घराण्यातला, २००० साली लिव्हरपूलच्या हॉटेलात गेला, वय ३४. ब्रिटिश बुलडॉग २००२, वय ३९. मिस्टर परफेक्ट २००३, वय ४४. बिग बॉस मॅन २००४, वय ४१, आणि तो कुस्तीत यायच्या आधी खरोखरच जॉर्जियात तुरुंगाचा गार्ड होता म्हणे, तो निळा युनिफॉर्म काय उगाच नव्हता. गोंझालेझ तर अर्जेंटिनाचा बास्केटबॉल प्लेअर, १९८८ मध्ये अटलांटा हॉक्सनं त्याला ड्राफ्ट केलेलं, पण एवढ्या उंचीनं पळता येईना. मग कुस्तीवाल्यांनी उचलला, अंगावर रंगवलेले मसल्स आणि चिकटवलेले केस असलेला सूट चढवला आणि १९९३ च्या रेसलमेनियात (कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम) अंडरटेकरसमोर उभा केला. पुढे डायबिटीस, व्हीलचेअर, आणि २०१० मध्ये गेला, वय ४४.

मी आज ४४ चा आहे. कार्ड हातात घेऊन जरा वेळ नुसताच बसलो.

तर तुम्हाला ह्या लोकांच्या रिंगबाहेरच्या ज्या काही गोष्टी माहीत असतील त्या लिहा. खरं की खोटं हा वाद नको, तो आमच्या चाळीनं १९९६ मध्येच मारामारी करून संपवलाय.

कळवा_स्लो_लोकल

पहिला मी. काय आठवण काढलीत राव!

अंडरटेकर सात वेळा मेला आणि सात वेळा जिवंत झाला, हे कळव्यातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं, कुठून आलं कोणालाच माहीत नाही. आणि अक्षय कुमारनं त्याला उचलून आपटला म्हणून आमच्या वर्गात अक्षयची इज्जत वाढलेली. 'खिलाडियों का खिलाडी', १९९६. पुढे पंचवीस वर्षांनी अक्षयनंच सांगितलं की तो अंडरटेकर नव्हता, ब्रायन ली म्हणून दुसराच पैलवान होता. म्हणजे हाच ब्रायन ली १९९४ मध्ये कंपनीनं खोटा अंडरटेकर म्हणून खऱ्या अंडरटेकरसमोर उभा केलेला! डुप्लिकेटचा धंदा आपल्याकडे यायच्या आधीच जोरात होता त्याचा.

खरा माणूस मार्क कॅलवे. १९९० ला आला, २०२० ला थांबला, तीस वर्षं. आणि ह्या तीस वर्षांतली बरीचशी त्यानं बाहेरसुद्धा ते सोंग सोडलं नाही, चारचौघांत जायचं तर काळेच कपडे, मुलाखत नाही, हसणं नाही. बरं त्याचा तो किंचाळणारा मॅनेजर पॉल बेअरर, पांढरा फटक चेहरा, हातात अस्थिकलश. तो बाहेर खरोखरच अंत्यविधीच्या व्यवसायातला, लायसन्सवाला. आपल्याकडे असा कोणी असता तर आईनं टीव्हीच बंद केला असता.

२०१४ ची अंडरटेकरची लेसनरवाली मॅच पहाटे उठून बघितली होती. २१ रेसलमेनिया न हरलेला माणूस हरला. त्या दिवशी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये एका शब्दानं कोणाशी बोललो नाही. ग्रुपवाल्यांना वाटलं घरी काहीतरी झालं.

चरईतला_चष्मिस

+१. केन राहिला की. अंडरटेकरचा 'भाऊ', तोंडाला मास्क, बोलता येत नाही वगैरे. खरं नाव ग्लेन जेकब्स. इंग्रजी साहित्याची डिग्री. केन व्हायच्या आधी १९९५ मध्ये त्याला दाताचा डॉक्टर बनवून रिंगमध्ये सोडलेला, कैच्याकै दिवस. आणि २०१८ मध्ये टेनेसीत नॉक्स काउंटीचा महापौर झाला, दोनदा निवडून आला. ठाण्यात असा महापौर दिला तर सर्व्हिस रोडवर कोणी डबल पार्किंग करणार नाही.

पामबीच_लेन

मुलींना विचारत नाही कोणी, तरी लिहिते. आम्ही तेव्हा वाशीला सेक्टर नऊमध्ये होतो आणि घरात कुस्ती बघणारी मी, भाऊ माझ्यामुळे बघायला लागला. मी ब्रेट हार्ट, तो ओवेन. कारण १९९४ च्या रेसलमेनियात ओवेननं ब्रेटला हरवलं आणि आमच्या धाकट्या चिरंजीवांना साक्षात्कार झाला की धाकटा भाऊ जिंकू शकतो. त्यानंतर दोन वर्षं मला रोज संध्याकाळी गादीवर हरायला लागायचं, नाहीतर रडून बिल्डिंग डोक्यावर.

ब्रेट रिंगमध्ये येताना तो गुलाबी-काळा ड्रेस, तेल लावल्यासारखे ओले केस, आणि आपला गॉगल काढून पहिल्या रांगेतल्या एखाद्या लहान पोराच्या डोळ्यांवर घालायचा. मला तो गॉगल पाहिजे होता. अजून पाहिजे आहे.

ते घरच वेगळं. कॅनडात कॅल्गरीला वडील स्टू हार्ट, बारा मुलं, आणि घराच्या तळघरात तालीम, तिला नावच 'डन्जन' म्हणजे अंधारकोठडी. तिथं मोठमोठे दांडगे गडी स्टूच्या हातात सापडून ओरडायचे आणि वर स्वयंपाकघरात आवाज यायचा. १९९७ मध्ये मॉन्ट्रियलला मालकानंच ब्रेटला फसवलं, ठरलेला शेवट बदलून घंटा वाजवायला लावली. हा मालकाच्या तोंडावर थुंकला आणि बारा वर्षं त्या कंपनीच्या रिंगमध्ये पाय ठेवला नाही. २००२ मध्ये सायकलवरून पडून स्ट्रोक आला, त्यातूनही उठला.

पण ओवेनचं मला आजही नीट सांगता येत नाही. २३ मे १९९९, कॅन्सस सिटी. त्याला छतावरून दोरानं खाली उतरत एंट्री घ्यायची होती, गंमत म्हणून, निळा सुपरहीरोचा वेष. हुक सुटला आणि तो ७८ फुटांवरून रिंगमध्ये पडला. ३४ वर्षांचा. आणि कार्यक्रम थांबवला नाही हो. त्याच रिंगमध्ये पुढच्या मॅचेस झाल्या. आम्हाला हे नंतर कळलं, तेव्हा माझा भाऊ कॉलेजला जायच्या वयाचा, तो काही बोलला नाही, उठून गॅलरीत गेला. त्या दिवसापासून आमच्या घरी कुस्ती लागली नाही.

ओवेनच्या बायकोनं, मार्थानं, केस केली, १८ मिलियन डॉलरला मिटली, त्यातून त्याच्या नावानं संस्था काढली. कंपनीनं त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे गाजलेल्या पैलवानांच्या मानाच्या यादीत, घेतो म्हटलं तर ही बाई आजपर्यंत नाहीच म्हणत आली. मला ती फार आवडते.

रोखठोक_ऐरोली

एवढं भावुक होण्यासारखं काय आहे? सगळं नाटक असतं. कोण जिंकणार आधी लिहिलेलं असतं. पोरं येडी होती हे ठीक, चाळिशी ओलांडलेली माणसं पण? आपल्या मातीतल्या कुस्तीवर असा धागा कधी निघत नाही. हेलसिंकीला १९५२ मध्ये मेडल आणलेल्या खाशाबा जाधवांचं कार्ड होतं का कुणाकडे?

किसननगर_३

खाशाबांचं कार्ड असतं तर मी पहिलं घेतलं असतं, हा मुद्दा मान्य. वेगळा धागा काढा, मी येतो.

चरईतला_चष्मिस

@रोखठोक, नाटक असतं हे कंपनीनं स्वतःच सांगून टाकलंय, तेही १९८९ मध्ये, न्यू जर्सीच्या सिनेटसमोर. कारण खेळ म्हटलं की सरकारी कमिशन, कर, डॉक्टरांची तपासणी. करमणूक म्हटलं की सुटले. म्हणजे तुम्ही लावताय तो शोध ३५ वर्षांहून जुना आहे.

आणि त्याच्या आधी हे गुपित किती जपायचे बघा. १९८७ मध्ये न्यू जर्सीत हायवेवर पोलिसांनी एक गाडी थांबवली, आत आयर्न शेख आणि हॅकसॉ डगन. रिंगमध्ये एक अमेरिकेचा झेंडा नाचवणारा, दुसरा इराणचा, जानी दुश्मन, आणि इथे एकाच गाडीत शेजारी शेजारी, वर नशेचा माल. बोंब नशेपेक्षा जास्त कशाची झाली तर हे दोघं एकत्र फिरतात ह्याची!

पाटणचा_गडी

रोखठोक दादांसाठी लिहितोय, आणि थोडं लांबणार आहे, कोपरखैरण्यात आज लाईट आहेत तोवर लिहून घेतो.

आमचा बा माथाडी. गाव पाटण तालुक्यात. आधी मशीद बंदरला हमाली, मग बाजार वाशीला आला तसे आम्ही माथाडी वसाहतीत आलो. तरुणपणी गावच्या तालमीत घुमलेला, जत्रेच्या मैदानात नारळावरच्या कुस्त्या मारलेला माणूस. घरात डब्ल्यूडब्ल्यूएफ लागलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "बंद करा ती तमाशाची बारी." आणि मग बंद कोणी करायचं नाही, बा दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसायचा, एक डोळा टीव्हीवर. ह्याला ढाक म्हणत्यात व्हय, ह्याच्यापरीस आमचा वस्ताद बरा, असं चालू.

एकदा मॅनकाइंडची, म्हणजे मिक फोलीची, ती मॅच लागली. १९९८, पिट्सबर्ग. अंडरटेकरनं मिक फोलीला सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या टपावरून खाली टेबलावर फेकला. मग तो परत वर चढला आणि टपातूनच आत रिंगमध्ये पडला. आम्ही पोरं ओरडत होतो. बा गप्प. मग हळूच मला म्हणाला, "कुस्ती ठरवल्याली आसंल रं, पन पाठ त्याचीच हाय न्हवं?"

त्याला कळणारच. उजव्या खांद्यावर त्याच्या आजही मुठीएवढा घट्टा आहे, पोत्याचा. क्विंटलची पोती असायची तेव्हा. शर्ट काढला की खांदे वरखाली दिसतात. डॉक्टर म्हणतो मणके झिजलेत, बा म्हणतो झिजणारच की, लोखंड होतं काय.

तर मुद्दा. २०२५ च्या जुलैमध्ये हल्क होगन गेला, ह्या कुस्तीतला सगळ्यात मोठा स्टार, बातमी बघताना बा म्हणाला, "ह्येला फंड किती मिळाला आसंल?" मी हसलो, म्हटलं एवढा मोठा माणूस, फंड कसला. पण शोधलं तर डोकंच फिरलं. हे पैलवान कंपनीच्या कागदावर नोकर नाहीतच, सगळे कॉन्ट्रॅक्टवाले. स्वतःचा विमा स्वतः काढा, पेन्शन नाही, युनियन नाही. वर्षाचे दोनशेच्या वर दिवस रस्त्यावर, गाडी स्वतः चालवायची, हॉटेल स्वतःच्या पैशानं.

१९८६ मध्ये जेसी व्हेंचुरा उभा राहिला, म्हणाला आपण युनियन करू. कोणी तरी आतल्या आत जाऊन मालकाला सांगितलं आणि विषय संपला. कोणी सांगितलं हे त्याला बऱ्याच वर्षांनी एका केसच्या वेळी, खुद्द मालकाच्या जबानीतून कळलं. हल्क होगननं. पुढे हाच व्हेंचुरा १९९९ मध्ये मिनेसोटाचा गव्हर्नर झाला ते वेगळं.

हे मी बाला सगळं समजावून सांगितलं. जरा वेळ विचार केला आणि म्हणाला, "मंजी ही समदी टोळीबाहेरची हमालं. आन् होगन मुकादम." इथे १९६९ चा माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी लावून धरला म्हणून झाला, बोर्डात हजेरी पडते, लेव्ही मालक भरतो, बाला फंड मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, त्यातून गावाकडे दोन खोल्या झाल्या. वेळेवर मिळाली असं नाही म्हणत, पण मिळाली. आणि ज्याचा फोटो अख्ख्या जगाच्या पोरांच्या कंपासपेटीवर, त्याच्याबरोबरचे लोक दवाखान्याच्या बिलासाठी म्हातारपणी शाळेच्या हॉलमध्ये जाऊन मॅचेस करतात.

नाटक म्हणायचं तर म्हणा दादा. आमच्या घरात तो शब्द आता कोणी काढत नाही.

पामबीच_लेन

पाटणचा गडी, दंडवत घ्या. बाबांना माझा नमस्कार सांगा. मुकादम हा शब्द होगनला इतका फिट बसतो की आता मला तो पिवळ्या बनियनमध्ये एपीएमसीत चिठ्ठ्या फाडतानाच दिसतोय.

कळवा_स्लो_लोकल

होगनबद्दल थोडं मऊ बोला हो, माणूस गेलाय. माझा पहिला हिरो. बनियन फाडायचा म्हणून मी शाळेचा बनियन फाडला आणि आईनं मला फाडला.

चरईतला_चष्मिस

गेला म्हणून जे केलं ते पुसत नाही. २०१५ मध्ये काळ्या लोकांबद्दल तो जे बोललेला ते बाहेर आलं तेव्हा कंपनीनंच तीन वर्षं त्याला बाहेर ठेवलेलं. लहानपणी आवडायचा ते आवडायचा, त्यात लाज नाही. पण म्हणून आज पण आवडलाच पाहिजे असं कुठे आहे.

तलावपाळी_काका

तुम्ही पोरं १९९० च्या मागे जायला तयारच नाही. आमच्या लहानपणी ह्याला 'फ्रीस्टाइल' म्हणायचे आणि ती वरळीला वल्लभभाई पटेल स्टेडियमवर व्हायची. दारासिंग! वडिलांबरोबर ठाण्याहून गाडीनं दादर, तिथून बस, आणि येताना शेवटच्या गाडीत मी वडिलांच्या मांडीवर झोपलेलो. खारे शेंगदाणे, विड्यांचा धूर, आणि वर दिव्याखाली ती रिंग. दारासिंग माणूस डोक्यावर आडवा धरून गरागरा फिरवायचा, एरोप्लेन स्पिन, आणि अख्खं स्टेडियम आकडे मोजायचं, एक, दोन, तीन...

आमच्यात भांडण कशावरून, तर किंगकाँगवरून. हंगेरीचा, दोनशे किलोच्या आसपासचा अजस्र माणूस. वडील म्हणायचे तो दिवसाला कोंबड्या किती खातो हे पेपरात छापून येतं. दर माणसागणिक कोंबड्यांचा आकडा बदलायचा, आमच्या गल्लीत डझनावर गेलेला.

१९६८ मध्ये मुंबईतच दारासिंगनं लू थेझला हरवून जागतिक किताब घेतला. मग सिनेमे, मुमताजबरोबर किती तरी. आणि १९८७ ला रामायणात हनुमान, तेव्हा वय जवळपास साठ! रविवारी सकाळी तलावपाळीला कुत्रं दिसायचं नाही. माझी आई टीव्हीला हळदकुंकू लावायची. मी तिला सांगायचो की अगं ह्यालाच मी वरळीला चड्डीवर बघितलंय, तर ती कानावर हात ठेवायची. राज्यसभेतही होते २००३ पासून सहा वर्षं. जुहूच्या घरी गेले, २०१२, जुलै.

रोखठोक, दारासिंगची कुस्ती ठरलेली होती का असं विचारू नका. मला माहीत करून घ्यायचं नाही आणि मी बहात्तर वर्षांचा आहे.

रोखठोक_ऐरोली

काका तुम्हाला नाही विचारत. 🙏

उपवन_मॉर्निंग_वॉक

सगळं दुःखाचंच चाललंय म्हणून एक चांगली. जेक रॉबर्ट्स, सापवाला. पोत्यातून अजगर काढून हरलेल्याच्या अंगावर सोडायचा. गंमत म्हणजे ह्याला स्वतःला सापाची भीती! दारू आणि ड्रग्जनं पार वाया गेलेला, उभं राहायला येईना अशी अवस्था. २०१२ मध्ये डायमंड डॅलस पेज (डीडीपी) ह्या जुन्या पैलवानानं त्याला अटलांटाला स्वतःच्या घरी नेऊन ठेवला. आणि काय केलं, तर योगा! डीडीपीनं स्वतःच्या पाठीसाठी योगासनं धरली होती, त्याचाच पुढे धंदा केला. पाठोपाठ स्कॉट हॉलला, म्हणजे आपला रेझर रॅमॉन, त्यालाही त्याच घरात आणला. एका घरात दोन दारूडे पैलवान, सकाळी चटई टाकून वीरभद्रासन. मध्ये जेक परत घसरला, डीडीपीनं शिव्या घातल्या, परत चटईवर. २०१४ मध्ये दोघंही सूट घालून हॉल ऑफ फेमला उभे. स्कॉट हॉल २०२२ ला गेला, पण मधली वर्षं मिळाली ना.

हे मी आमच्या उपवनच्या ग्रुपमध्ये सांगितलं तर एक आजोबा म्हणाले, "अजगराला पण करायला लावायचं होतं, भुजंगासन."

कळवा_स्लो_लोकल

खिक्!

सीबीडीचा_संध्याकाळचा

खली राहिला. दलीप सिंग राणा, हिमाचलमधल्या सिरमौरचा. वाढीच्या ग्रंथीचा आजार, त्यामुळे तो आकार. गरिबी इतकी की मजुरी केली, शिमल्याला सिक्युरिटी गार्ड होता, तिथून पंजाब पोलिसात. २००६ मध्ये आल्या आल्या अंडरटेकरलाच झोपवला आणि आमच्या बेलापूरच्या कॉलनीत लोकांनी खरोखर पेढे वाटले. त्याला नीट चालता यायचं नाही म्हणून आम्हीच हसायचो नंतर. मेंदूजवळची गाठ काढली त्याची २०१२ मध्ये, तेव्हा कळलं की चालताना दुखत काय असेल. आता जालंधरला पोरांना शिकवतो.

आणि एक विचारू का, क्रिस बेन्वा ह्या पैलवानाचं कोणीच नाव घेतलं नाही?

पामबीच_लेन

मुद्दामच नाही घेतलं. २००७ मध्ये त्यानं बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारलं. नंतर मेंदू तपासला तर डोक्यावरच्या माराने भयंकर खराब झालेला निघाला, हे खरं आहे, आणि त्यानंतर डोक्यात खुर्ची घालणं बंद झालं हेही खरं. पण माझ्या आठवणींच्या धाग्यात मला तो नको. त्याच्या मुलाचं नाव डॅनियल होतं, तेवढं लक्षात ठेवते.

सीबीडीचा_संध्याकाळचा

बरोबर आहे ताई. सॉरी.

चरईतला_चष्मिस

मिक फोलीचं अर्धवट राहिलं. पाटणच्या गड्याच्या बाबांना सांगा, तो टपावरून पडलेला माणूस घरी एकदम गरीब गाय, नाताळवेडा, स्वतः सांताक्लॉजचे कपडे घालून फिरतो. आणि १९९९ मध्ये त्यानं आत्मचरित्र लिहिलं, कोणी लेखक न लावता, सगळं हातानं कागदावर, आणि ते बेस्टसेलर झालं. एक कान अर्धा गेलेला, पुढचे दात गेलेले, आणि अक्षर म्हणे बरं होतं.

रच्याकने, रॉकचं, म्हणजे सिनेमावाल्या ड्वेन जॉन्सनचं, कोणी लिहिलं नाही. त्याच्या खिशात १९९५ मध्ये सात डॉलर उरलेले, फुटबॉलमधून काढून टाकलेला, आणि आज कंपनीचं नावच सेव्हन बक्स. पण त्याचं सगळ्यांना पाठ आहे, सोडून देऊ.

पाटणचा_गडी

सांगितलं बाला. म्हणाला, "कान गेला तरी चालतंय, पैलवानाचा कान तुटल्यालाच आसतोय." आणि स्वतःचा डावा कान चाचपून बघितला.

वाटाड्या_७७

वाचनखूण साठवली. कार्डांचा पूर्ण सेट आहे का? विकणार का? वाशी स्टेशनला येऊन घेऊन जाईन.

किसननगर_३

विकणार नाही राव. पूर्ण पण नाही, मोजली तर एकोणतीस भरली, अंडरटेकर नाही. तो कोणी ढापला हे मला आठवतंय आणि तो माणूस हा धागा वाचतोय.

कालचं सांगतो. कार्डं घरी आणली, ओल्या फडक्यानं पुसली, बॉस मॅनचा पट्टा मात्र निघेना. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला शिकवलं. दुसऱ्याच डावात बघतो तर पठ्ठ्यानं योकोझुना गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून ठेवलेला, माझी पाळी संपायची वाट बघत. कोणी शिकवलं? कोणीच नाही.

आमचे वडील सोफ्यावर पेपर वाचत होते. वागळेत तीस वर्षं फिटर, आयुष्यभर ह्या कुस्तीला नावं ठेवली, टीव्ही बंद करायला पहिला हात त्यांचा. मुलाकडे शेवटी अर्थक्वेक आला आणि तो अडकला, हाईट मारू का बायसेप. पेपर खाली न करता आवाज आला, "वेट मार. वेट. हाईटला त्याच्यात काही नाही."

मी बघतच राहिलो. म्हटलं बाबा, तुम्हाला कसं माहीत? तर म्हणे, तू शाळेत गेल्यावर सेकंड शिफ्टच्या आधी दुपारी मी आणि शेजारचा खेळायचो. अंडरटेकर त्यानंच नेला.